हरिकेनच्या आतली खळबळ: वादळाची ताकद आणि तिचा अंदाज (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हरिकेन, म्हणजे अमेरिकेकडच्या समुद्रातलं चक्रीवादळ, कुठे धडकणार, हे आज दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. धडकताना त्याचा जोर किती असेल, हे सांगणं त्याहून खूप अवघड आहे आणि त्यातली चूक माणसांच्या जिवावर बेतते. ही अडचण का आहे, याचं एक मोठं उत्तर वादळाच्या आतल्या टर्ब्युलन्समध्ये, म्हणजे हवेच्या खळबळीत, सापडतं. इथले प्रश्न प्रामुख्याने अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकमधल्या हरिकेनबद्दल आहेत, कारण वादळाच्या आत विमान नेऊन केलेली बहुतेक मोजमापं तिथलीच आहेत. अरबी समुद्राबद्दलचे प्रश्न शेवटी घेतले आहेत.

विमानात बसतात ते धक्के आणि वादळातला टर्ब्युलन्स एकच का?

मुळात एकच. हवा सरळ, शिस्तीत न वाहता लहान-मोठ्या भोवऱ्यांमध्ये फुटते, तेव्हा वाऱ्याचा वेग आणि दिशा क्षणाक्षणाला बदलते. प्रवासी विमानात ते आपल्याला धक्के म्हणून जाणवतं. हरिकेनमध्ये मात्र हे भोवरे वादळाच्या यंत्रणेचाच भाग असतात. समुद्रावरची ऊब आणि बाष्प ते वर उचलतात, वाऱ्याचा वेग समुद्राला देऊन टाकतात आणि शेजारशेजारच्या हवा एकमेकींत मिसळतात. काही भोवरे किलोमीटरभर रुंद असतात, त्यातून लहान भोवरे निघतात, त्यातून आणखी लहान, आणि शेवटी मिलिमीटरच्या पातळीवर ती ऊर्जा उष्णता होऊन विरते. शेकडो किलोमीटर पसरलेलं वादळ आणि मिलिमीटरभर भोवरा एकाच हिशेबात धरावे लागतात. सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

मग टर्ब्युलन्समुळे वादळ कमजोर होतं की बळकट?

दोन्ही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

कमजोर करणारी बाजू समजायला सोपी आहे. वारा समुद्रावर घासतो, त्याचा वेग लाटांमध्ये जिरतो. घर्षणात जाणारी ऊर्जा साधारणपणे वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जेचं नुकसान आठपट.

बळ देणाऱ्या बाजूचे दोन भाग आहेत. पहिला भाग इंधनाचा. उबदार समुद्रावरून बाष्प आपोआप ढगापर्यंत पोहोचत नाही, खळबळणारी हवाच ते पृष्ठभागावरून खेचून वर नेते. हा पुरवठा वाऱ्याच्या वेगाबरोबर साधारण सरळ प्रमाणात वाढतो. इंधन सरळ प्रमाणात वाढतंय आणि नुकसान घनाच्या पटीत, म्हणून कुठल्याही वादळाच्या जोराला कुठेतरी मर्यादा येतेच. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी १९८० च्या दशकात ही मर्यादा गणितात मांडली. समुद्राकडून ऊब मिळण्याचा गुणांक आणि घर्षणाचा गुणांक यांच्या गुणोत्तरावर ती फार अवलंबून असते.

दुसरा भाग जास्त आश्चर्याचा आहे. चहा ढवळून चमचा बाहेर काढा. कपाच्या तळाशी असलेली पत्ती कडेला न जाता मधोमध जमते. तळाशी घर्षणामुळे चहाची फिरण्याची गती कमी होते, त्याला बाहेर रेटणारा जोर घटतो, पण आत ढकलणारा दाब तसाच राहतो. हरिकेनच्या खालच्या साधारण किलोमीटरभर थरात हेच घडतं. घर्षणाने मंदावलेली हवा केंद्राकडे ओढली जाते, जाताना समुद्रावरचं बाष्प गोळा करते आणि डोळ्याभोवतीच्या, म्हणजे वादळाच्या मधल्या शांत जागेभोवतीच्या, उंच ढगांच्या भिंतीत पोहोचून वर उसळते. आत सरकताना ती आपला फिरण्याचा संवेगही सोबत आणते, म्हणून सर्वांत जोराचा वारा अगदी पृष्ठभागावर नसून त्याच्या काहीशे मीटर वर सापडतो. घर्षण अजिबात नसतं तर ही आत येणारी हवाच नसती. त्याच घर्षणाने वादळाचं पोट भरतं आणि त्याच घर्षणाने त्याचा दम जातो.

समुद्र जितका खवळेल तितकं घर्षण वाढत जातं का?

बराच काळ तसंच मानलं जायचं. लाटा मोठ्या, पृष्ठभाग खडबडीत, म्हणून घर्षणही जास्त. २००३ मध्ये मार्क पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरिकेनमध्ये टाकलेल्या ड्रॉपसाँडच्या ३३१ नोंदी तपासल्या. ड्रॉपसाँड म्हणजे विमानातून सोडलेली, छोट्या पॅराशूटला बांधलेली उपकरणांची नळी. पडता पडता ती वारा, दाब, तापमान आणि आर्द्रता मोजून रेडिओवरून कळवत राहते. त्या नोंदींतून दिसलं की वारा ताशी सुमारे १२० किमीच्या पुढे गेला की घर्षणाचा गुणांक वाढायचा थांबतो. पुढच्याच वर्षी प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या टाकीतही असंच दिसलं.

इतक्या वाऱ्यात समुद्राचा पृष्ठभाग असा स्पष्ट उरतच नाही. फेसाचे पट्टे आणि उडणारे तुषार यांचा एक थर हवा आणि पाण्याच्या मध्ये तयार होतो. हे तुषार वादळाला नेमकी किती ऊब देतात आणि किती काढून घेतात, यावर अजून एकमत नाही.

हे सगळं मोजणार कसं? कुणी तिथे गेलं आहे का?

गेले आहेत. त्याची किंमतही दिली आहे.

हरिकेनमध्ये मुद्दाम विमान नेण्याची सुरुवात २७ जुलै १९४३ रोजी झाली. कर्नल जोसेफ डकवर्थ यांनी टेक्सासमध्ये गॅल्वेस्टनजवळ एका छोट्या प्रशिक्षण विमानातून वादळात झेप घेतली. सप्टेंबर १९५५ मध्ये जॅनेट हरिकेनमध्ये शिरलेलं अमेरिकी नौदलाचं विमान परत आलं नाही, त्यातले सगळे गेले.

टर्ब्युलन्सच्या अभ्यासात सर्वांत जास्त नाव घेतलं जातं ते १५ सप्टेंबर १९८९ च्या उड्डाणाचं. नोआ, म्हणजे अमेरिकेची सागर आणि हवामान संस्था, तिचं पी-३ ओरायन विमान बार्बाडोसच्या पूर्वेला ह्यूगो हरिकेनच्या भिंतीत अवघ्या ४५० मीटर उंचीवरून शिरलं. वादळ अपेक्षेपेक्षा खूप बळावलेलं होतं. भिंतीच्या आतल्या कडेला एका लहान पण भयानक जोराच्या भोवऱ्यात विमान सापडलं, वर-खाली फेकलं गेलं आणि चारपैकी एक इंजिन बंद करावं लागलं. विमान समुद्रापासून तीनशे मीटरच्याही खाली आलं होतं. वैमानिकांनी ते सावरलं, डोळ्यातल्या शांत जागेत घिरट्या घेत उंची गाठली, आणि हवाई दलाच्या दुसऱ्या विमानाने भिंतीतला त्यातल्या त्यात सौम्य भाग शोधून दिल्यावर ते बाहेर पडलं. त्यानंतर बलाढ्य हरिकेनच्या भिंतीत इतक्या खालून माणसं नेणं बंद झालं.

पण त्या काही मिनिटांत उपकरणं चालूच होती. जुन झांग, फ्रँक मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यूगोच्या आणि १९८० च्या अ‍ॅलन हरिकेनच्या या खालच्या उंचीवरच्या नोंदी पुन्हा उघडल्या आणि २०११ मध्ये त्यांतून टर्ब्युलन्सची मापं काढून प्रसिद्ध केली. मार्क्स स्वतः ह्यूगोच्या त्या विमानात होते. प्रचंड वाऱ्यात, इतक्या खाली, हवा किती जोराने वर-खाली मिसळते याचे थेट आकडे त्याआधी जवळजवळ नव्हतेच. नुसत्या धाडसाच्या गोष्टीपेक्षा हा भाग मला मोठा वाटतो. जीव मुठीत धरून मिळालेली माहिती बावीस वर्षांनी अंदाजाच्या गणितात उतरली.

दरम्यान २००३ मध्ये फेबियन आणि इसाबेल या हरिकेनमध्ये पावसाच्या पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत विमानं शंभर मीटरच्याही खाली नेऊन मोजमापं झाली. तिथला वारा भिंतीतल्या वाऱ्याच्या मानाने बराच कमी असतो, म्हणून त्या आकड्यांनाही मर्यादा आहेच.

डोळ्याभोवतीच्या भिंतीत इतकी खळबळ का असते?

कारण तिथे थोड्या अंतरात सगळंच टोकाचं बदलतं. डोळ्यात जवळजवळ शांतता आणि काही किलोमीटरवर ताशी अडीचशे किमीचा वारा. अशा कडेवर हवा भोवऱ्यांमध्ये तुटते. यांतले काही भोवरे डोळ्यातली खालची ऊबदार, दमट हवा भिंतीत ओततात. १३ सप्टेंबर २००३ रोजी इसाबेलच्या भिंतीच्या आतल्या कडेला सोडलेल्या एका ड्रॉपसाँडने सेकंदाला १०७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३८५ किमी, वारा नोंदवला. वादळाचा अधिकृत वेग त्याहून खूप कमी होता. असा झोत अगदी लहान जागेत, थोडाच वेळ असतो.

उलट बाजूही आहे. हेच भोवरे वाऱ्याचं टोकदार कडं आडवं पसरवून बोथट करतात. जॉर्ज ब्रायन आणि रिचर्ड रोटुनो यांनी २००९ मध्ये दाखवलं की संगणकातल्या वादळात हे आडवं मिसळणं किती धरलं आहे, यावर वादळाचा कमाल वेग विलक्षण अवलंबून असतो. जास्त धरा, वादळ मवाळ होतं. कमी धरा, अवास्तव बळावतं.

विमानातून मोजलेल्या वाऱ्यावरून जमिनीलगतचा वारा कसा काढतात?

विमान साधारण तीन किलोमीटर उंचीवरून जातं, घरं मात्र जमिनीवर असतात. मधला हिशेब टर्ब्युलन्सचाच आहे, कारण वरचा वेग खाली आणतं ते हे मिसळणंच. ऑगस्ट १९९२ मध्ये फ्लोरिडात अँड्र्यू हरिकेन आलं, तेव्हा वरच्या वाऱ्याच्या साधारण ७५ ते ८० टक्के वारा खाली असतो असं धरून त्याला वाऱ्याच्या वेगावरून ठरणाऱ्या एक ते पाच श्रेणींपैकी चौथ्या श्रेणीत टाकलं गेलं. १९९७ पासून जीपीएस ड्रॉपसाँड आले आणि कळलं की भिंतीत हे प्रमाण सुमारे ९० टक्के असतं. २००२ मध्ये, वादळानंतर दहा वर्षांनी, अँड्र्यूची नोंद बदलून पाचवी श्रेणी करण्यात आली.

विंड शिअर म्हणजेच टर्ब्युलन्स ना?

नाही. उंचीबरोबर वारा बदलणं म्हणजे विंड शिअर, ती आजूबाजूच्या हवेची स्थिती असते. पण दोघांचा संबंध जवळचा आहे. शिअरमुळे वादळ कलतं, आणि मग भोवऱ्यांतून बाहेरची कोरडी हवा आत मिसळून ढगांची ताकद खाते.

अंदाजाच्या मॉडेलमध्ये हे भोवरे धरलेले असतात का?

थेट नाही. आजची हरिकेनची प्रत्यक्ष वापरातली मॉडेलं वादळाच्या गाभ्यात साधारण दोन किलोमीटरच्या चौकटींमध्ये हवा मोजतात. अमेरिकेत २०२३ पासून वापरात आलेलं हॅफ्स मॉडेल याच पातळीचं आहे. शंभर-दोनशे मीटरचा भोवरा अशा चौकटीत मावून नाहीसा होतो. म्हणून या सगळ्या भोवऱ्यांचा एकत्रित परिणाम सूत्राने घालावा लागतो: इतका वारा, इतकी ऊब, तर इतकं मिसळणं. या सूत्रात थोडा फरक केला तरी संगणकातलं वादळ वेगळं वागतं.

याचं उत्तम उदाहरण हॅफ्सच्या आधीचं एचडब्ल्यूआरएफ मॉडेल. त्यातलं उभं मिसळणं ह्यूगो आणि अ‍ॅलनच्या मोजमापांशी ताडून पाहिलं, तेव्हा ते कितीतरी जास्त निघालं. जास्त मिसळण्यामुळे मॉडेलमधला खालचा थर गरजेपेक्षा जाड व्हायचा, आत येणारी हवा मंदावायची आणि वादळाची रचना फुगायची. आकडे निरीक्षणांच्या जवळ आणल्यावर आत येणारा वारा, वादळाचा आकार आणि तीव्रतेचे अंदाज, तिन्ही सुधारले. जास्त ताकदीचा संगणक न घेता, केवळ खरी मोजमापं वापरून झालेली ही सुधारणा आहे.

अजून एक खोच उरतेच. ही सूत्रं बहुतेक सपाट जमिनीवरच्या, सौम्य हवामानातल्या निरीक्षणांतून आलेली आहेत आणि टर्ब्युलन्स खालच्या थरापुरता धरतात. भिंतीतल्या उंच ढगांना तसा थर नसतो, तिथे खळबळ कित्येक किलोमीटर वर जाते. ढगातलं हे मिसळणं वेगळं धरलं की वादळ झपाट्याने बळावण्याचं चित्र बदलतं, असं अलीकडच्या काही प्रयोगांत दिसलं आहे. माझ्या मते पुढची मोठी सुधारणा इथूनच येईल.

चौकटी बारीक केल्या की प्रश्न सुटेल ना?

थोडा सुटेल. पण चौकटीची बाजू निम्मी केली की संगणकाचं काम आठपट किंवा त्याहून जास्त वाढतं. शिवाय एक अडनिडा टप्पा आहे. काहीशे मीटरच्या चौकटीत मोठे भोवरे अर्धवट दिसतात आणि अर्धवट नाही, त्यामुळे जुनी सूत्रंही बसत नाहीत आणि भोवरे स्वतःही नीट उमटत नाहीत. पन्नास-साठ मीटरच्या चौकटींवर वादळ चालवलेलं आहे, पण संशोधनासाठी. रोजच्या अंदाजाला तितका वेळ नसतो. आणि एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं की लहान भोवऱ्यांतली चूक वाढत वाढत मोठ्या भोवऱ्यांपर्यंत पोहोचते, म्हणून काही अनिश्चितता कायम राहणार.

वादळ एकाएकी बळावतं, त्यामागे टर्ब्युलन्स असतो का?

एकटा नाही. २४ तासांत वारा ताशी ५५ किमी किंवा जास्त वाढला तर त्याला झपाट्याने बळावणं म्हणतात. खोलवर ऊबदार समुद्र, दमट हवा आणि कमी शिअर, ही पार्श्वभूमी लागतेच. पण ती असूनही सगळी वादळं बळावत नाहीत. नेमकं कोणतं आणि कोणत्या तासाला, हे भिंतीतले ढग आणि खालचा थर ठरवतो.

ऑक्टोबर २०१५ मध्ये मेक्सिकोच्या पश्चिमेला पॅट्रिशिया हरिकेनचा वारा एका दिवसात ताशी सुमारे १९० किमीने वाढला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस साध्या उष्णकटिबंधीय वादळापासून पाचव्या श्रेणीपर्यंत सुमारे एका दिवसात पोहोचलं आणि अकापुल्कोवर धडकलं. आदल्या दिवशी सकाळी लोकांना सांगितलेलं वादळ आणि रात्री आलेलं वादळ यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. ओटिसचा उल्लेख मी टाळू शकत नाही, कारण तीव्रतेच्या अंदाजावर इतका पैसा आणि श्रम का घालायचे, याचं उत्तर अकापुल्कोत आहे.

मार्गाचा अंदाज सुधारला, जोराचा का नाही?

मार्ग ठरवतात आजूबाजूचे मोठे वारे, ते उपग्रहांना आणि मॉडेलांना दिसतात. १९९० च्या मानाने मार्गातली चूक आता एक तृतीयांशाच्या आसपास आली आहे. जोर ठरतो गाभ्यातल्या लहान गोष्टींवर. म्हणून तीव्रतेचे अंदाज जवळपास वीस वर्षं जागचे हलले नाहीत. २००९ मध्ये नोआने यासाठी खास कार्यक्रम हाती घेतला आणि त्यानंतर प्रगती दिसू लागली.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम करील का?

मार्गाच्या अंदाजात ती आत्ताच मोलाची मदत करते आहे, आणि २०२५ पासून अमेरिकेचे हरिकेन अंदाजकार गूगल डीपमाइंडचं मॉडेलही विचारात घेतात. पण अशी मॉडेलं जुन्या नोंदींवर शिकतात. बऱ्याच मॉडेलांचा अभ्यास ज्या जागतिक नोंदींवर झाला, त्यांच्या चौकटी तीसेक किलोमीटरच्या होत्या, आणि त्यांत डोळ्याभोवतीची भिंत पुसट होते. जी खळबळ मोजलीच नाही ती शिकणार कशी? त्यामुळे वादळात उपकरणं पाठवण्याची गरज संपलेली नाही.

आता मोजमापं कोण करतं?

माणसं वरून जातात आणि खालच्या थरात ड्रोन सोडतात. पी-३ विमानातून लहान ड्रोन सोडण्याचा पहिला प्रयोग २०१४ मध्ये एडवर्ड हरिकेनमध्ये झाला, २०२२ मध्ये इयनमध्ये जास्त दमाचं ड्रोन गेलं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी सेलड्रोन ही विनाचालक नौका सॅम हरिकेनच्या आतून चित्रफीत घेऊन आली. ही साधनं गमावली तरी चालतात, हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण.

आपल्याकडच्या इशाऱ्यात ‘वेग ताशी १०० ते ११०, झोत १२०’ असं असतं. यातला झोत म्हणजे काय?

तो दुसरा आकडा म्हणजेच टर्ब्युलन्स. पहिला आकडा काही मिनिटांची सरासरी असतो, दुसरा काही सेकंदांचा. पत्रे उडतात, माड आणि आंब्याची झाडं उन्मळतात ती झोतांनी. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आलं किंवा १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईपासून दूर समुद्रातून सरकताना कुलाब्याला ताशी ११४ किमीचा झोत नोंदला गेला, तेव्हा बातम्यांत दोन्ही आकडे सरमिसळ फिरत होते. आपलं हवामान खातं तीन मिनिटांची सरासरी घेतं, अमेरिका एका मिनिटाची. तोच वारा अमेरिकी पद्धतीने थोडा जास्त दिसतो. तेव्हा दोन देशांची वादळं नुसत्या आकड्यांवरून तोलू नयेत.

जमिनीवर आल्यावर झोत सगळीकडे सारखे नसतात. १९९६ मध्ये फ्रॅन हरिकेन अमेरिकेत जमिनीवर आलं, तेव्हा ट्रकवर बसवलेल्या डॉप्लर रडारने खालच्या थरात काहीशे मीटर अंतरावरचे समांतर पट्टे पाहिले, एकात वारा जास्त, शेजारच्यात कमी. एका गल्लीतली घरं मोडतात आणि पुढची उभी राहतात, त्याचं हे एक कारण आहे.

अरबी समुद्रातल्या वादळांत अशी विमानं जातात का?

नियमित नाही. आपल्याकडे वादळाचा जोर मुख्यतः उपग्रहांच्या चित्रांवरून, ड्व्होरॅक पद्धतीने, म्हणजे ढगांची रचना पाहून, ठरतो. किनाऱ्याजवळ आल्यावर मुंबई आणि गोव्याच्या डॉप्लर रडारची मदत मिळते. हवामान खातं एचडब्ल्यूआरएफही चालवतं, म्हणजे ह्यूगोमधून शिकलेलं मिसळण्याचं गणित आपल्या अंदाजातही पोहोचलं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्या चौकटी सहा किलोमीटरच्या आहेत. जागतिक मॉडेलसाठी हे फार बारीक आहे, डोळ्याच्या भिंतीसाठी नाही. आपल्या समुद्रावरच्या वादळातल्या टर्ब्युलन्सची स्वतःची मोजमापं ही आपली मोठी उणीव आहे, आणि निदान ड्रोनने तरी ती भरून काढायला हवी असं मला मनापासून वाटतं.

फ्लोरिडा किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या आमच्या मुलांनी हा अंदाज कसा वाचावा?

श्रेणीचा आकडा पक्का धरू नका. किनाऱ्यापर्यंतच्या शेवटच्या दिवशीही तो एक श्रेणीने वर-खाली होऊ शकतो, तेव्हा तयारी एक श्रेणी वरची करा. घर सोडायचं की नाही, हे मात्र श्रेणीवरून ठरवू नका. तिथली स्थलांतराची क्षेत्रं समुद्राच्या पाण्याच्या धोक्यावरून आखलेली असतात आणि अमेरिकेत हरिकेनमधले बहुसंख्य बळी वाऱ्याने नव्हे, पाण्याने जातात. आपलं घर कोणत्या क्षेत्रात येतं, हे आजच काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) नकाशात पाहून ठेवा. त्या क्षेत्राला निघण्याचा आदेश आला की वादळ तिसऱ्या श्रेणीचं आहे की चौथ्या, हे बघत थांबू नका.